अ‍ॅन्सिबलचं प्लेबुक हिरवं येतं, तरी सर्व्हर खरंच नीट आहे का हे आपोआप कसं तपासायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: साठेक क्लाउड सर्व्हर अ‍ॅन्सिबलने (कामांची यादी, म्हणजे प्लेबुक, दिली की सर्व्हर तसे तयार करणारं टूल) उभे करता, शेवटी 'फेल्ड ०', म्हणजे एकही काम फसलं नाही, असं दिसतं, आणि तरी दोन दिवसांनी कुठेतरी काहीतरी राहिलेलं सापडतं. मग तपासणीसाठी वेगळं टूल घ्यावं का?

आत्ताच नको. आधी तपासणीचं प्लेबुक वेगळं काढा. मी अंधेरीत हेच काम करतो, आणि हे मला ठेच लागूनच कळलंय.

आमच्या एका सर्व्हरला डेटाबेसचे रोजचे डंप (बॅकअपच्या फाइल) ठेवायला वेगळी डिस्क होती. कुणीतरी (बहुतेक मीच) घाईत ती हाताने माउंट केली, म्हणजे एका फोल्डरला जोडली, आणि एफएसटॅबमध्ये (बूट होताना कुठल्या डिस्क जोडायच्या त्या यादीत) ओळ टाकायची राहिली. पुढे पॅचिंगला सर्व्हर रीबूट झाला, डिस्क काही परत माउंट झाली नाही. पण फोल्डर जागेवर होतं ना! प्लेबुकातला टास्क फोल्डर आहे का एवढंच बघायचा, त्याने 'ओके' दिलं. डंपही मुकाट त्याच फोल्डरमध्ये पडत राहिले, म्हणजे थेट रूट डिस्कवर, सिस्टीम असते त्या मुख्य डिस्कवर. पाचव्या दिवशी सकाळी रूट भरली. मी घाटकोपरला मेट्रोच्या रांगेत होतो, फोन थांबेना.

म्हणजे 'ओके'चा अर्थ एवढाच की तुम्ही सांगितलं ते झालेलं आहे. सांगायचंच राहिलं असेल तर टूल काय करणार? माउंट मॉड्यूलला (मॉड्यूल म्हणजे एक ठरावीक काम करणारा तयार भाग) 'माउंटेड' दिलं असतं तर एफएसटॅबमध्ये ओळही पडली असती आणि डिस्कही लागली असती. ('प्रेझेंट' दिलंत तर फक्त ओळ पडते, यातही खूपजण फसतात.)

आता आमच्या तपासणीत असर्ट मॉड्यूल आहे, दिलेली अट खरी नसेल तर ते फेल होतं. फॅक्ट्समध्ये, म्हणजे सर्व्हरवरून आपोआप गोळा होणाऱ्या माहितीत, माउंटची यादी येतेच. डंपचा पाथ त्या यादीत हवा आणि मोकळी जागा एकूण जागेच्या १५ टक्क्यांहून जास्त हवी, अशा दोन अटी. फेल मेसेज मात्र नीट लिहा, 'डिस्क माउंट नाही, एफएसटॅब बघा' असा. रात्री दोन वाजता नुसतं 'असर्शन फेल्ड' वाचून कुणाला काही उमगत नाही.

सर्व्हिस 'अ‍ॅक्टिव्ह' आहे यावरही विसंबू नका. यूआरआय मॉड्यूलने हेल्थ पेज मागवा, २०० ('सगळं ठीक'चा कोड) येतंय का बघा, आणि ते त्याच सर्व्हरवरून नको, बाहेरून मागवा. आतून सगळं छान चालतं, पण सिक्युरिटी ग्रुपमध्ये (क्लाउडच्या फायरवॉलमध्ये) पोर्ट बंद असतो. अ‍ॅप्लिकेशन उठायला वेळ घेत असेल तर रिट्राय द्या. आणखी एक: तपासणीत रोलचेच (सर्व्हर उभा करणाऱ्या कामांच्या गटाचेच) व्हेरिएबल वापरू नका. पोर्टचा आकडा तिथे चुकला तर तपासणीही तोच चुकीचा आकडा बघून मान डोलावेल. आपला पेपर आपणच तपासल्यासारखं होतं ते.

रोज रात्री मूळ प्लेबुक चेक मोडमध्ये (काहीही न बदलता) डिफसकट, म्हणजे फरक दाखवायला सांगून, चालवलंत तर कुणी हाताने काय बदललं ते दिसतं. पण दोन खाचखळगे आहेत. कमांड आणि शेलचे टास्क चेक मोडमध्ये वगळले जातात, म्हणून फक्त वाचणाऱ्या टास्कना 'चेक मोड नाही' आणि 'कधीच चेंज्ड नाही' असं लिहून द्या. आणि बदल सापडला तरी एक्झिट कोड (काम संपल्यावर टूल देतं तो आकडा, ० म्हणजे ठीक) ०च येतो, त्यामुळे हे आपोआप चालवणाऱ्या पाइपलाइनला शेवटच्या रिकॅपमधला (सारांशातला) 'चेंज्ड'चा आकडा वाचायला लावा.

सगळ्यात वाईट प्रकार मात्र रिकाम्या यादीचा. आमचे सर्व्हर एडब्ल्यूएसच्या मुंबई रीजनमध्ये, एपी-साउथ-१ला. डायनॅमिक इन्व्हेंटरी सर्व्हरना लावलेल्या टॅगवरून त्यांची यादी आपोआप काढते. एकदा साफसफाई करताना टॅगचं नाव बदललं गेलं, एकही होस्ट जुळला नाही, आणि अ‍ॅन्सिबलने 'नो होस्ट्स मॅच्ड' म्हणत ० कोडने गाशा गुंडाळला. जॉब तीन रात्री हिरवा! म्हणून पहिला असर्ट संख्येचा, तोही लोकलहोस्टवर (प्लेबुक जिथून चालतं त्या मशीनवर) वेगळ्या प्लेमध्ये, म्हणजे प्लेबुकच्या वेगळ्या भागात: यादीत किमान इतके सर्व्हर हवेतच. होस्ट पोहोचण्यासारखा नसेल तर निदान ४ कोड येतो, तो दिसतो तरी.

वेगळ्या टूलचं म्हणाल तर टीममध्ये पायथन येणारं कुणी असेल तर टेस्टइन्फ्रा, हलकं काही हवं तर वायएएमएलवर (साध्या मजकुराच्या सेटिंग फाइलवर) चालणारं गॉस. ऑडिटवाले सीआयएस बेंचमार्कचे (सुरक्षित सेटिंगच्या प्रमाणित यादीचे) पुरावे मागायला लागले की इनस्पेक बघा. त्याआधी तीन टूल शिकण्यात महिना घालवू नका.

तपासणी लिहून झाली की टेस्ट सर्व्हरवर स्वतः डिस्क अनमाउंट करा, सर्व्हिस बंद करा, आणि लाल येतं का बघा. माझ्या पहिल्या बारापैकी दोन तपासण्या काहीही मोडलं तरी हिरव्याच यायच्या. रोजचे हिरवे मेल बंद केलेत तरी चालेल, आठवड्याभरातच ते कुणी उघडेनासं होतं. आमच्या ग्रुपवर सकाळी सातला एकच ओळ येते, किती पैकी किती तपासले. परवा ६२ पैकी ६१ आली. उरलेला सर्व्हर एका नव्या मुलाने खर्च वाचवायला रात्री बंद करून ठेवला होता.