कुत्रं कोणतं, ते शेवटी बघू

साताऱ्याच्या शाहूपुरीतून एका वाचकाचं पत्र आलंय. वय 38, एमआयडीसीत इंजिनीअर, पत्नी खासगी शाळेत शिक्षिका, मुलगी 11 वर्षांची, मुलगा 8 चा. घर पळणाऱ्यांचं, रविवारी पहाटे यवतेश्वरचा घाट ठरलेला. प्रश्न एवढाच: सोबत पळायला बॉर्डर कॉली (45 हजार) घ्यावं की बेल्जियन मॅलिनॉइस (60 हजार)? आणि जाता जाता एक ओळ: "पैशांची चिंता नाही, मुलीच्या शिक्षणाच्या पॉलिसीवर कर्ज मिळतंय."

साहेब, त्या ओळीपाशीच मी अडकलो.

पॉलिसीचे तपशील जोडलेत, बरं केलंत. वर्षाला 96 हजार हप्ता, मुदत 20 वर्षं, विमा 15 लाखांचा, चार हप्ते भरलेले. घेतली तेव्हा मुलगी सात वर्षांची होती. म्हणजे पैसे हातात येणार ती 27 ची झाल्यावर! तोवर तिचं शिक्षण सोडा, कदाचित लग्नही उरकलेलं असेल. मेहुण्यांनी "जवळजवळ दुप्पट, 35 लाख" सांगितलेत. भरणार 19 लाख, तेही 20 वर्षांत. परतावा पडतो साडेपाच टक्के. महागाई सहा टक्के धरली, तर ते 35 लाख म्हणजे आजचे 14. आणि मधेच तुमचं काही बरंवाईट झालं तर घरात येणार 15 लाख आणि थोडाफार बोनस. गृहकर्ज 23 लाखांचं आहे. बँकेचंच भागत नाही, पोरांच्या हाती काय उरणार?

तेव्हा आधी 1 कोटीचा साधा टर्म विमा घ्या (मुदतीत माणूस गेला तरच घरच्यांना पैसे, एरवी काही परत नाही), वयाच्या साठीपर्यंतचा. तंबाखू-सिगारेट नसेल तर वर्षाला साधारण 20-22 हजार. सप्टेंबर 2025 पासून त्यावरचा जीएसटीही गेलाय. हा नवा विमा हातात पडेपर्यंत जुन्या पॉलिसीला हात लावू नका. मग शाखेत जाऊन दोन आकडे लेखी मागा: आज सरेंडर केली, म्हणजे मोडून पैसे घेतले, तर किती; पेड-अप केली, म्हणजे पुढचे हप्ते थांबवून कमी रकमेवर चालू ठेवली, तर किती. मेहुण्यांकडून तोंडी नकोत. भरलेले पावणेचार-चार लाख पूर्ण परत येणार नाहीत, मनाची तयारी ठेवा. पण म्हणून आणखी 16 हप्ते भरत बसण्यात शहाणपण नाही. सरेंडर करून जे मिळेल ते एफडीत टाका, अडीअडचणीसाठी. सध्या बचत खात्यात 40 हजार आहेत, तेवढ्यावर चार माणसांचं घर चालत नाही.

टर्मचा हप्ता जाऊन वर्षाला 74 हजार वाचतील. महिना सहा हजार मुलीसाठी म्युच्युअल फंडात घातले, तर सात वर्षांत, म्हणजे ती अठराची होईपर्यंत, सात लाखांच्या आसपास होतील, तेही दहा टक्के धरून. पंधरा टक्के सांगणाऱ्याला चहा पाजा आणि वाटेला लावा.

आता कुत्रं. 45 की 60 हा वाद किरकोळ आहे. वीस किलोचं पळणारं कुत्रं महिन्याला दहा किलो कोरडं खाद्य सहज संपवतं, तिथेच चार हजार गेले. लस, जंताचं औषध, गोचिडांची गोळी, गावाला गेलात की बोर्डिंग; महिन्याची सरासरी सहा-सात हजार. 13 वर्षं धरा, दहा लाख. महिनाअखेर नऊ हजार उरतात म्हणता, म्हणजे झेपेल. पण कर्ज काढून नाही, आणि मुलीच्या सहा हजारांतून तर नाहीच.

"मादी घेतली तर पिलं विकून खर्च निघेल" हेही लिहिलंय. 2017 च्या नियमांप्रमाणे पैदास करून विकायचं तर राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते, आणि आठ आठवडे पुरे होईपर्यंत पिल्लू विकता येत नाही. तोवर सहा-सात पिलांचं कोण करणार, शाळेतून दमून आलेल्या वहिनी?

मॅलिनॉइस हे पोलीस-लष्कराच्या कामाचं कुत्रं. पहिल्यांदाच कुत्रं पाळणाऱ्या, लहान पोर असलेल्या घरात नको. कॉली मुळात मेंढ्या वळणारं. त्याला नुसतं पळणं पुरत नाही, डोक्याला काम हवं, नाहीतर पोरांच्या सायकली वळत बसतं. तुमचं घर दिवसभर बंद असतं, ते कसं जमवणार, हे आधी ठरवा. अंगावर दाट केस, तेव्हा एप्रिलमध्ये पहाटेच पळायचं. आपल्या दख्खनचं कारवानी जातीचं कुत्रं उन्हाला जास्त टिकतं, तेही एकदा बघून या. कुठलंही आणलंत तरी सव्वा-दीड वर्षाचं होईपर्यंत सांधे कच्चे असतात. घाटात तोवर तुम्ही एकटेच.

दोघांतलंच एक हवं असेल तर कॉली, पुढच्या वर्षी, रोख पैशांनी. पिल्लू बघायला जाल तेव्हा त्याची आई दाखवायला सांगा. टाळाटाळ केली तर इसार न देता परत या.