क्योतोला दिवाळीत नको, नोव्हेंबरअखेरीस जा

दिवाळीच्या सुट्टीत मेपलची लाल पानं बघायला जपानमधलं क्योतो म्हणताय? ऑक्टोबरात तिथले मेपल बहुतेक हिरवेच असतात. रंग चढतो नोव्हेंबरच्या उत्तरार्धात. सुट्टी बदलता येत नसेल तर टोकियोच्या उत्तरेकडचे निक्कोचे डोंगर गाठा, तिथे रंग आधी चढतो.

क्योतोतल्या तोफुकुजी मंदिराला दार उघडायच्या आधीच रांगेत उभे राहा. त्सुतेन्क्यो या लाकडी पुलावरून खालची घळ लालभडक दिसते. मात्र गर्दीच्या दिवसांत पुलावर फोटो काढायला बंदी असते. बरंच आहे, माणूस निदान डोळ्यांनी बघतो! खाली उतरून हिरव्या शेवाळावर पडलेली लाल पानंही बघा. मला तर तीच जास्त आवडली.

होझू नदीच्या दरीसाठी सागानोची तोरोक्को रेल्वे, म्हणजे पर्यटकांची छोटी गाडी, जेमतेम २५ मिनिटांची. तिकीटविक्री महिनाभर आधी सुरू होते, लगेच काढा. पाचव्या डब्याला काचा नाहीत, स्वेटर विसरू नका.