मस्कट द्राक्षाची वाईन गोडच असते ना? पुरणपोळीबरोबर काढू का?

नका काढू. भावाने फ्रान्समधल्या अल्सासहून आणलेली मस्कट तुम्ही गोडाबरोबर काढायची म्हणताय, ते वाचून राहवलं नाही. आमच्या घरी हे होऊन सहा वर्षं झाली आणि मला अजून त्या बाटलीचं वाईट वाटतं.

माझा पुतण्या तेव्हा स्ट्रासबुर्गला शिकत होता. मे महिन्यात सुट्टीला आला तो अशीच बाटली घेऊन. कर्वेनगरला आमच्याकडे सगळे जमलेले, आमरस-पुरीचा बेत. माझे मोठे दीर, म्हणजे त्या मुलाचेच वडील, म्हणाले मस्कट म्हणजे गोड वाईन, आमरसाबरोबरच हवी. बूच मी काढलं. ताज्या द्राक्षांचा घड नाकाशी धरावा तसा वास, त्यात गुलाब, मागे संत्र्याची साल. "काय गोड वास आहे गं!" म्हणून जाऊबाईही खूश. मग आमरसाची वाटी संपवून प्रत्येकाने घोट घेतला आणि एकेकाचं तोंड वाकडं झालं. जिभेवर आमरस बसलेला असताना साखर नसलेली वाईन नुसती आंबट लागणार, दुसरं काय होणार? भाऊजींनी निकाल दिला, "प्रवासात आंबली." मी म्हटलं, "भाऊजी, आंबलेल्या वाईनला व्हिनेगरचा वास येतो, नाहीतर नेलपॉलिशचा. हिला दोन्ही नाहीत." त्यावर, "तुझी लॅब लॅबमध्ये ठेव." आणि बाटली बेसिनमध्ये रिकामी व्हायला लागली.

मी २२ वर्षं इसेन्सच्या कारखान्यात काम करते. वास ओळखायचा मला पगार मिळतो. पंधरा माणसांसमोर माझ्या नाकावर अविश्वास दाखवला, आणि मोठ्या दिरांपुढे बोलायचं नाही म्हणून मी गप्प बसले.

तळाशी पेलाभर राहिली होती, ती मी झाकून फ्रिजमध्ये ठेवली. रात्री सगळे झोपल्यावर ओट्याशी उभी राहून, उरलेल्या कोथिंबीर वडीबरोबर प्यायले. अहो, काय वाईन होती ती! नाकात गुलाब आणि द्राक्षं, जिभेवर गोडाचा कणही नाही, घोट स्वच्छ, आणि गिळल्यावर मोसंबीच्या सालीसारखी बारीकशी कडवट चव. धणे आणि ही वाईन एकमेकांना ओळखत असल्यासारखी. ओळखतातच! मस्कटच्या वासात लिनालूल नावाचं सुगंधी द्रव्य असतं आणि धण्याच्या तेलातला मुख्य घटकही लिनालूलच. जोडीला जिरॅनिऑल असतं, जे गुलाबात आणि आपल्या रोशा गवतात सापडतं. तमिळनाडूत कंबमच्या खोऱ्यात पिकणाऱ्या मस्कट हॅम्बर्ग या मस्कटच्याच जातीला तिथे पन्नीर द्राक्ष म्हणतात. पन्नीर म्हणजे गुलाबपाणी.

आता मुद्दा. गोड ही जिभेची चव आहे, नाकाची नाही. व्हॅनिलाचा वास गोड म्हणता ना? इसेन्सचा थेंब जिभेवर ठेवा, कडू लागतो. आपण जन्मभर ते केकमध्ये खातो म्हणून वासालाच गोड म्हणायला लागलो. मस्कटचंही तेच. यीस्ट द्राक्षातली साखर खातं, पण सुगंध बराचसा तसाच राहतो. साखर पूर्ण खाऊ दिली की वाईन ड्राय, म्हणजे बिनगोडाची. मोस्कातो दास्ती या इटालियन मस्कटमध्ये ते काम गार करून मध्येच थांबवतात, म्हणून ती गोड आणि जेमतेम ५ टक्के अल्कोहोलची. दक्षिण फ्रान्समधल्या बोम द व्हनीझच्या मस्कटमध्ये वरून स्पिरिट घालून थांबवतात, तीही गोड, पण १५ टक्क्यांची. द्राक्षाला दोष कशाला देता, थांबवणारा माणूस आहे. "गोड द्राक्षाची वाईन गोडच" हे आमच्या घरात आजही ऐकू येतं आणि ते साफ चूक आहे.

तुमच्या बाटलीवर १२-१३ टक्के आणि 'सेक' (Sec) असं दिसलं तर ती ड्राय. सेक म्हणजे साधारणपणे लिटरमागे ४ ग्रॅमपर्यंतच साखर. फ्रिजमधून काढून दहा मिनिटांनी ओता. साठवून ठेवू नका, हिची सगळी मजा ताज्या वासात आहे. अल्सासमध्ये ही शतावरीच्या कोंबांबरोबर (अ‍ॅस्परॅगस) पितात. आपल्याकडे कोथिंबीर वडी, सुरळीच्या वड्या, धण्याचं वाटण लावलेला पापलेट. गूळ घातलेलं काहीही नको.

आणि कोणी वडीलधारं "आंबली" म्हणालं तर बाटली हातातून सोडू नका. आधी पाणी पिऊन तोंड स्वच्छ करायला सांगा, मग नाक चिमटीत धरून एक घोट, मग नाक सोडून दुसरा, म्हणजे जिभेचं काय आणि नाकाचं काय ते कळेल. मी त्या दिवशी हे भाऊजींना करायला लावायला हवं होतं. वयाने मोठं असल्याने जीभ जास्त खरी होत नाही.

एक राहिलंच. लेबलवर 'व्हांदांज तार्दिव्ह' (Vendanges Tardives) असेल तर ती उशिरा तोडलेल्या द्राक्षांची, बहुधा गोडच असते. 'म्वालो' (Moelleux) किंवा 'दू' (Doux) असेल तरी गोड. तसं निघालं तर माझं वरचं जेवणाचं सगळं विसरा आणि पुरणपोळीबरोबर खुशाल काढा. नाहीतर पोळ्या बाटली संपल्यावर वाढा.