वाचकांचे प्रश्न : पुलाला हात न लावता त्याची तपासणी

प्रश्न : आमच्या गावाजवळच्या नाल्यावरील काँक्रीटच्या पुलावरून कोळशाचे ट्रक रात्रंदिवस जातात. स्लॅबच्या खालून खपल्या पडून सळया उघड्या झाल्या आहेत. स्पर्श न करता पुलातील दोष शोधणाऱ्या यंत्रमानवांविषयी वाचले. आमच्या पुलाला त्यांचा उपयोग होईल का?
— एक वाचक, वणी तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : माठ विकत घेताना आपण तो वाजवून पाहतो, खणखणीत वाजला तर धड, बद्द वाजला तर चिरलेला. पुलाची तपासणीही बरीचशी याच न्यायाने चालते. पाणी मुरून सळई गंजली की गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा व्यापतो, त्या दाबाने काँक्रीटचा थर आतल्या आत सुटतो आणि तेथे हातोडी मारली की पोकळ आवाज येतो. यंत्रमानवाचे कामही हेच. चाकांवर पुढे सरकताना तो लहान ठोके देतो आणि पृष्ठभागापासून थोडे वर टांगलेले मायक्रोफोन त्यांचा आवाज टिपतात. म्हणजे स्पर्श टळतो तो केवळ ऐकण्यापुरता. ठोक्याची लहर काँक्रीटमध्ये सेकंदाला सुमारे ४००० मीटर वेगाने स्लॅबच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठभागांदरम्यान ये-जा करत असल्यामुळे २० सेंटीमीटर जाडीचा धड स्लॅब १० किलोहर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला दहा हजार कंपनांच्या, आसपास वाजतो, तर वरचा सुटलेला पातळ थर ढोलकीच्या पानासारखा थरथरून बराच खालचा सूर देतो. मात्र काँक्रीटमधून हवेत उतरणारा आवाज अत्यल्प असतो आणि शेजारून ट्रक गेला की तो बुडतो. शिवाय पुलावर डांबराचा थर असेल, तर आपल्याकडच्या मे महिन्यात मऊ पडलेले डांबर ठोकाच गिळून टाकते. उघड्या काँक्रीटवर तेच ऊन उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्याच्या कामी येते, कारण सुटलेल्या थराखालच्या पोकळीमुळे उष्णता खाली न उतरता तेवढा भाग लवकर तापतो.

आपल्या पुलाचा दोष मात्र डोळ्यांना दिसतो आहे. त्यासाठी यंत्रमानवाची वाट पाहू नये. शिवाय स्लॅबवर फिरणाऱ्या यंत्राला पुराने पुलाच्या पायाखालची माती नेली आहे की नाही, हे कळत नाही. ग्रामीण रस्ता असेल तर जिल्हा परिषदेच्या आणि प्रमुख जिल्हा मार्ग असेल तर सार्वजनिक बांधकाम विभागाच्या अभियंत्यांकडे, तारखेसह छायाचित्रे जोडून, ग्रामपंचायतीमार्फत लेखी अर्ज करावा. हातोडीची व अल्ट्रासोनिक (कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी काँक्रीटमधून सोडून केलेली) चाचणी, पावसाळ्यापूर्वी आणि नंतर पायाची पाहणी आणि तोवर जड वाहनांना बंदी, या मागण्या त्यात स्पष्ट लिहाव्यात. कोळशाच्या भुकटीने बुजलेल्या, पुलावरचे पाणी काढून देणाऱ्या नळ्या मोकळ्या करण्याचेही त्यातच नमूद करावे.