मॅलार्ड आणि उभी इंजिनं : वाचकांच्या शंका

वेगाचा विक्रम करणारं वाफेचं ब्रिटिश रेल्वे इंजिन 'मॅलार्ड' आणि न चालता नुसती उभी असलेली इंजिनं, यांबद्दल तेच तेच प्रश्न पुन्हा येत आहेत, म्हणून उत्तरं एकत्र देतोय.

मॅलार्डचा विक्रम नेमका किती?
ताशी १२६ मैल, म्हणजे सुमारे २०३ किलोमीटर. ३ जुलै १९३८, इंग्लंड.

तो उतारामुळे झाला, खरा मान जर्मन इंजिनाचा, असं ऐकलं.
ऐकीव गोष्टींवर विक्रम ठरत नाहीत. मॅलार्ड जिथे धावलं त्या स्टोक बँकचा उतार कुणी लपवलेला नाही. जर्मनीच्या '०५ ००२' या इंजिनाने मे १९३६ मध्ये ताशी २००.४ किलोमीटर गाठले, तोही मोठाच पराक्रम. मॅलार्डमागे मोजणीचा खास डबा जोडलेला होता, त्यात वेगाचा आलेख उमटत गेला. १२६ हा क्षणभराचा आकडा आहे. वाद घालायचा तर त्या आलेखावर घाला.

त्या धावेत इंजिन मोडलं का?
पूर्ण मोडलं नाही, पण मधल्या सिलिंडरच्या कनेक्टिंग रॉडचं (चाकांना जोर पोचवणाऱ्या दांड्याचं) मोठं बेअरिंग तापून निकामी झालं आणि पीटरबरोला इंजिन बदलावं लागलं.

यॉर्कच्या संग्रहालयात ते नुसतं उभं आहे. चालवत का नाहीत?
१९८६ ते ८८ मध्ये चालवलं होतं. आता उभंच राहू द्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे. दर मोठ्या दुरुस्तीत बॉयलरच्या नळ्या, स्टे (पत्रे धरून ठेवणारे दांडे), बेअरिंगं बदलतात आणि जुना धातू भंगारात जातो. मॅलार्डच्या ए४ वर्गाची सहा इंजिनं शिल्लक आहेत. धावतं ए४ बघायचं तर 'सर नायजेल ग्रेसली' आहे.

मॅलार्डची 'मूळ' नावपट्टी विकायला आली आहे. घ्यावी?
नवं पितळ ओतून, आम्ल लावून जुनाट केलेल्या पट्ट्या खूप फिरतात. प्रमाणपत्र कुणीही छापतं. पट्टी कुणाकडून कुणाकडे गेली याची कागदपत्रं मागा आणि ती जाणकाराला प्रत्यक्ष दाखवा. 'आजच पैसे भरा' म्हणणाऱ्याला नाही म्हणा.

आमच्या संस्थेकडे एक इंजिन उघड्यावर आहे. दरवर्षी रंग देतो. पुरेसं आहे ना?
मुळीच नाही! उभ्या इंजिनाला काही होत नाही, या समजुतीने जितकी इंजिनं गमावली तितकी अपघातांनी गमावली नसतील. स्मोकबॉक्सचं, म्हणजे पुढच्या टोकाला धुराड्याखाली असलेल्या कप्प्याचं, दार उघडा. तळाशी काजळी आणि राख साचलेली असेल. त्यात ओल शिरली की आम्ल तयार होतं आणि पत्रा खालून खात जातं. बोटाने दाबला तर पापुद्रे सुटतात. वर चकचकीत काळा रंग तसाच! राख आधी काढा. धुराड्यावर झाकण बसवा. बॉयलरमध्ये पाणी राहिलं असेल तर पूर्ण काढून आतून कोरडा करा. बाहेरच्या आच्छादनाखालचं लॅगिंग (उष्णता राखणारा थर) ओल धरून ठेवतं, पण ते उचकटू नका. जुन्या इंजिनांत तिथे फुफ्फुसांना घातक ॲस्बेस्टॉस असू शकतं. परवानाधारक माणसांनाच बोलवा. 'पावसाळ्यानंतर बघू' असं पुन्हा ठरवू नका. याच महिन्यात संवर्धन-तज्ज्ञाला आणून दाखवा.

जत्रेपुरती थोडी वाफ केली तर?
नाही. बॉयलर निरीक्षकाने तपासून लेखी परवानगी दिल्याशिवाय चूलसुद्धा पेटवू नका.