हातात मावणाऱ्या सोनोग्राफी यंत्रामुळे विद्यार्थ्यांची रुग्णतपासणी कच्ची राहते का?

आपण दोन गोष्टी विचारल्या आहेत: असे यंत्र वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या हाती कोणत्या वर्षी द्यावे, आणि त्यामुळे हाताने तपासण्याची त्यांची सवय मोडते का. पहिल्या प्रश्नाला मी ओझरतेच उत्तर देणार आहे, कारण दुसऱ्या प्रश्नावरून माझा एका ज्येष्ठ सहकाऱ्यांशी अनेक वर्षे वाद झाला आणि तो मिटण्याआधीच ते निवृत्त झाले.

एका सकाळी वॉर्डातल्या राऊंडला माझ्याबरोबर दहा-बारा विद्यार्थी होते. आठवडाभर धाप लागत असलेला एक रुग्ण होता, एक्स-रेमध्ये उजव्या फुफ्फुसाचा तळ पांढरा दिसत होता, आणि मी त्याच्या पाठीवर परकशन करून, म्हणजे बोटांनी ठोकून, तो आवाज सर्वांना दोनदा ऐकवून, ‘हा स्टोनी डल नोट, दगडावर ठोकल्यासारखा बद्द आवाज, म्हणजे फुफ्फुसाच्या आवरणात पाणी’ असे ठामपणे सांगितले. श्वासाचा आवाजही तिथे जवळजवळ ऐकू येत नव्हता. रेसिडेंटने पाणी काढण्याचा ट्रे मागवून ठेवला होता. सुई घालण्यापूर्वी मुलांना पाणी कसे दिसते ते दाखवावे, एवढ्याच हेतूने मी यंत्र दुसऱ्या वर्षाच्या एका विद्यार्थिनीच्या हाती दिले. तिने प्रोबवरची (यंत्राचा अंगावर टेकवायचा भाग) खूण रुग्णाच्या डोक्याकडे ठेवून तो काखेच्या मध्यरेषेवर टेकवला आणि बराच वेळ ती काहीच बोलली नाही. मग अगदी हळू आवाजात म्हणाली, “मॅडम, मला पाणी दिसत नाही. यकृतच दिसतंय, आणि श्वासपटल खूप वर आहे.”

तिचे बरोबर होते. आवरणात पाणी साचलेले असते तर मणक्यांची पांढरी रेघ श्वासपटलाच्या वरही पुढे दिसत राहिली असती, कारण ध्वनिलहरी पाण्यातून आरपार जातात आणि हवेने भरलेल्या फुफ्फुसातून जात नाहीत. इथे ती रेघ श्वासपटलापाशीच तुटत होती. त्याच्या वर यकृतासारखेच करडे काहीतरी दिसत होते, ते यकृताचे आरशातले प्रतिबिंब होते. लहरी सरळ जाऊन सरळच परत येतात असे यंत्र गृहीत धरते. श्वासपटलावर आपटून वळलेल्या लहरींमुळे ते फसते आणि खालचे यकृत वरही रेखाटते. ही फसगत दिसणे म्हणजेच तिथे पाणी नसल्याचा पुरावा, हे त्या मुलीला ठाऊक होते. मला त्या क्षणी सुचले ते एवढेच की रुग्णाला नाकाने झटकन श्वास ओढायला सांगावे. त्याने तो ओढला तेव्हा उजवे श्वासपटल खाली सरकण्याऐवजी वर गेले. श्वासपटलाच्या नसेचा तो पक्षाघात होता. ट्रे परत पाठवला. ठरल्या जागी सुई गेली असती तर ती यकृतात गेली असती.

ही हकिकत दुपारपर्यंत विभागात पोहोचली आणि त्या सहकाऱ्यांनी सर्वांसमोर मला ऐकवले, “म्हणूनच सांगतो, हे खेळणे वॉर्डात नको. उद्या ही मुले रुग्णाला हात लावणार नाहीत.” या प्रसंगातून त्यांनी हा निष्कर्ष कसा काढला, हे मला आजतागायत कळलेले नाही. माझ्या बोटांनी चूक केली नव्हती. आवाज डलच होता, कारण त्या फासळ्यांखाली फुफ्फुस नसून यकृत होते. चुकला होता तो मी लावलेला अर्थ, आणि तो चुकल्याचे तिथल्या तिथे सांगणारे दुसरे काहीही त्या खाटेपाशी नव्हते. यापूर्वी असे किती उंचावलेले श्वासपटल मी ‘पाणी’ म्हणून मुलांना ऐकवले असेल, याचा हिशेब करायलाही मन धजत नाही.

शिवाय ज्या परकशनचा कैवार घेऊन ते भांडत होते, तिची तरी कथा काय आहे? ऑस्ट्रियाचे डॉक्टर आउएनब्रुगर यांनी ती पद्धत 1761 मध्ये प्रसिद्ध केली, आणि फ्रेंच डॉक्टर कोर्विसार यांनी 1808 मध्ये त्यांच्या पुस्तकाचा फ्रेंच अनुवाद करेपर्यंत बहुतेकांनी तिच्याकडे दुर्लक्षच केले. छातीवर बोटे आपटणे हादेखील तेव्हा कुणाला पोरखेळच वाटला असणार. हा मुद्दा मी त्यांना त्या वेळी सांगायला हवा होता. मला तो घरी गेल्यावर सुचला.

आमच्या युनिटमध्ये मी त्यानंतर एक नियम केला. विद्यार्थ्याने आधी हाताने तपासायचे, जे वाटते ते तारखेसह वहीत लिहून खाली सही करायची, आणि त्यानंतरच यंत्र खिशातून काढायचे. लिहिण्याआधी प्रोब टेकवणाऱ्याला त्या दिवशी यंत्र मिळत नाही. ज्यांना सवय मोडण्याची भीती वाटते त्यांनी हा नियम महिनाभर पाळून पाहावा. यकृताची कड कुठे लागते हे लिहून, लगेच पडद्यावर ती दोन बोटे खाली सापडली की मुले पुढच्या वेळी आपणहून अधिक काळजीने तपासतात.

आता वर्षाबद्दल. शरीररचना शिकवतात त्याच वर्षी, म्हणजे पहिल्याच, द्यावे. महाधमनी आणि महाशीर यांतला फरक जिवंत माणसात पाहिलेला विद्यार्थी तो विसरत नाही. कोणते यंत्र घ्यावे यात मी फार पडणार नाही. 2010 च्या सुमाराला जीई कंपनीचे व्हीस्कॅन आले तेव्हा पर्याय मोजकेच होते. 2017 मध्ये परवानगी मिळालेल्या बटरफ्लाय आयक्यूपासून चिपवर चालणारा एकच प्रोब सगळीकडे वापरता येऊ लागला, आणि शिकवण्यापुरता तो पुरतो. मात्र ‘हृदय’, ‘फुफ्फुस’, ‘पोट’ अशी तयार बटणे सुरुवातीला वापरू देऊ नयेत. किती खोलवर पाहायचे ते आणि गेन (चित्राचा उजळपणा) स्वतः जुळवल्याशिवाय काळे का काळे दिसते हे समजत नाही.

त्या सहकाऱ्यांच्या बाजूनेही एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्याच विद्यार्थिनीने तीन आठवड्यांनी एका रुग्णाच्या ओटीपोटात ‘मोकळे पाणी’ असल्याचे जाहीर केले, आणि ते तुडुंब भरलेले मूत्राशय निघाले. चित्र मिळवणे काही दिवसांत जमते, चित्र वाचायला वर्षे लागतात, आणि शेजारी जाणते माणूस नसेल तर यंत्र देऊच नये. विद्यार्थ्याने पाहिलेले चित्र उपचाराच्या कागदावर चढता कामा नये. दोन रुग्णांच्या मध्ये प्रोब पुसण्याची शिस्तही पहिल्याच दिवशी लावावी लागते.

आणखी एक: मुले सरावासाठी एकमेकांच्या पोटावर प्रोब ठेवतात, आणि कधीतरी एखाद्याच्या मूत्रपिंडात किंवा यकृतात नको ते दिसते. अशा वेळी कुणी, कुणाला, कुठे बसून सांगायचे, आणि ज्याला सहाध्यायांसमोर शर्ट वर करायचा नाही त्याला कारण न विचारता नाही म्हणता येईल की नाही, हे ठरवून लिहून काढल्याशिवाय वर्गात पहिला प्रोब उघडू नये. आम्ही ते ठरवले होते, पण एका मुलाच्या बाबतीत उशीर झाल्यानंतर.