रिसर्च कमिटीत नाव लागलंय ना, मग हे वाच

बेटा,

मॅट्रन मॅडमनी नर्सिंग रिसर्च कमिटीत तुझं नाव टाकलं म्हणून तू वैतागलीस, आणि खरंय, आधीच नाईट, त्यात स्टाफ कमी, त्यात हे लचांड. पण ही एथिक्स कमिटी नाही हं, गल्लत करू नको. ती वेगळी, आयसीएमआरच्या (देशातल्या वैद्यकीय संशोधनाच्या सरकारी संस्थेच्या) 2017 च्या गाईडलाईनप्रमाणे तिच्यात 7 ते 15 जण, कायद्याचा माणूस पाहिजे, बाहेरचा साधा माणूसही पाहिजे, मंजुरी देणार ती. आपली कमिटी त्याच्या आधी बसते, म्हणजे हा प्रश्न विचारण्यासारखा आहे का, फॉर्म भरणार कोण, ड्युटीवरची सिस्टर इंजेक्शनं सोडून बसणार का, आणि उत्तर आलं तर वॉर्डात बदलणार काय. हा शेवटचा प्रश्न तू न लाजता विचारायचा, समोर कुणीही असो. "अमुकबद्दल नॉलेज आणि ॲटिट्यूड" वाले फॉर्म भरून कपाटात गेलेले मी ढिगाने पाहिलेत.

चांगला प्रश्न कसा असतो? इंट्राकॅथचंच घे, म्हणजे सलाईनसाठी शिरेत घालतो ती बारीक नळी. 3-4 दिवस झाले की चांगली चालू असली तरी काढायची, हे आपण नियम म्हणून करत आलो. ऑस्ट्रेलियात क्लेअर रिकार्ड या नर्सनेच तपासलं, 3 हजारांवर पेशंट, 2012 ला छापून आलं, ठरल्या दिवशी बदला नाहीतर गरज पडल्यावर, फ्लेबायटीस, म्हणजे शीर लाल होऊन सुजणं, दोन्हीकडे 7 टक्केच. किती टोचणं वाचलं बघ! पण लगेच उड्या मारू नको, 2021 मध्ये जिनिव्हाच्या हॉस्पिटलचा अभ्यास आला, तिथे ठरल्या दिवशी बदलणं बंद केल्यावर रक्तातलं इन्फेक्शन वाढलेलं दिसलं. म्हणूनच कमिटी लागते, कुठलातरी पेपर वाचून उद्यापासून वॉर्डात चालू, असं होऊ नये म्हणून. आपल्याकडे नळी टोचलेली जागा रोज कोण बघतं, लिहितं कोण, आधी ते.

दुसरं, संमतीचा फॉर्म. नंदुरबारच्या धडगाव-अक्कलकुव्याकडची बाई पावरी ही आदिवासी बोली बोलते आणि आपला फॉर्म पुस्तकी मराठीत, "सदर संशोधनात सहभाग" वगैरे, तिला काय कळणार? तिच्या बोलीत समजावणारं माणूस आधीच शोधून ठेव, वाचता येत नसेल तर अंगठा आणि सोबत साक्षीदार, तो अभ्यासाशी संबंध नसलेलाच पाहिजे, आपल्याच टीममधली सिस्टर उभी केली असं चालत नाही. आणि नाही म्हणाली तर नाही, सलाईन तिला तशीच वेळेवर लागली पाहिजे. ह्यावर मीटिंगमध्ये भांडायला लागलं तरी भांड.

बाकी मिनिट्स लिहिणं, सह्या गोळा करणं ते येईलच तुझ्याकडे, ज्युनिअर आहेस.

पहिला विषय इंट्राकॅथचाच मांड, आधी नुसतं एका वॉर्डात महिनाभर जागा किती लाल होतात, सुजतात तेवढं मोजायचं म्हण, एवढ्याला कोणी फार अडवणार नाही. फॉर्म एका पानाचा कर आणि मला व्हॉट्सॲपवर टाक, दुपारी चारनंतर, त्याआधी इकडे लाईट नसते.

तुझी,
ताई